रस्ता लिहीन, नाव नाही

कापसाच्या जिनिंगचं गेट उघडलं की आमचे कॉम्प्युटरवाले साहेब आधी घड्याळं बघत फिरायचे. चौकीदाराच्या खोलीतलं, वजनकाट्यावरचं, कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेस हाऊसमधलं, मग ऑफिसातलं, आणि शेवटी प्रत्येक कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं. एखादं मागे-पुढे दिसलं की स्टूल मागवायचे, स्वतः वर चढायचे आणि काटा जागेवर आणायचे. मालकांच्या केबिनमधलं घड्याळ त्यांच्या वडिलांच्या काळापासून मुद्दाम थोडं पुढे ठेवलेलं होतं. त्याला हात लावायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. यांनी कामावर रुजू झाल्याच्या आठवड्यातच ते मागे केलं.

"काहून हो साहेब, गाडी चुकन का तुमची?" चौकीदार विचारायचा.

"माझी नाही चुकत. एक दिवस कोणीतरी चोरून आत येईन. तवा तुझं घड्याळ एक सांगन, काट्यावरचं दुसरं सांगन, मशीनचं तिसरं. मंग कोण कोणाच्या आधी आलं, हे तू सांगशीन का?"

ते पुढे गेले की चौकीदार आमच्याकडे बघून म्हणायचा, "याइच्या डोक्यातलं घड्याळ तेवढं कोणी लावून द्या बापा." आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस आणि जिनिंग-प्रेसिंग यवतमाळला, दुसरी जिनिंग केळापूरकडे आणि ढाणकीला खरेदी केंद्र. तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर एका नेटवर्कने जोडलेले. ते सगळं सांभाळायला ते आले होते. मी खरेदी विभागाचा प्रमुख. कोणाचा कापूस, किती वजन, काय भाव आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, कोणत्या बँक खात्यात जायचे, हे माझ्या टेबलावरून जायचं. पुढे त्यांची नोकरी गेली आणि नावही गेलं. गावात अजून काही लोक त्यांना चोर समजतात. ते चोर नव्हते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि इतकी वर्षं मी बोललो नाही.

ते बोरी अरबकडच्या एका तांड्यावरचे. आधी पुण्याला होते. तिथल्या त्यांच्या कंपनीचं कामच असं होतं की, दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरांत चोर घुसला की यांनी जायचं, तो कुठून आला, काय काय नेलं ते शोधायचं आणि मग सगळं पुन्हा उभं करून द्यायचं. असा माणूस यवतमाळला, रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, धुळीत कशाला येईल? आम्ही विचारलं तर म्हणाले, "याडी एकटी हाये." याडी म्हणजे आई. पण तांड्यावर ते फक्त सणावारी जायचे. एरवी बसस्टँडमागच्या एका खोलीत एकटे राहायचे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे एकत्र उघडायचो. ते भिंतीकडे तोंड करून भाकर आणि ठेचा खायचे. बोलावलं तर यायचे, पण पुन्हा बोलवावं लागायचं. हळूहळू आम्ही बोलावणं सोडलं.

त्यांच्यासमोर 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. प्रिंटर बंद पडला आणि कोणी म्हणालं, "बहुतेक वायर गेली," की ते थांबवायचे. "डोयानं पाह्यलं का मनानं?" मनानं पाहिलेलं ते ऐकूनच घेत नसत. कॉम्प्युटरशी मात्र तासन्‌तास गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, पुटपुटत बसायचे. त्या भाषेत ते किती मोकळे असत, हे आम्हाला त्यांच्या खांद्यांवरून कळायचं. शब्द एकही कळायचा नाही.

पोळ्याला बैलांना विसावा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते ऑफिसची मुख्य वायर काढून खिशात घालायचे. "आज मशीन मेली असं समजा. काम बंद नाही पडलं पाह्यजे." मग दिवसभर आम्ही पावत्या हाताने फाडायच्या, वजनं पेन्सिलीनं लिहायची, केळापूरला फोनवर आकडे ओरडायचे. हंगाम नसायचा, तरी चिडचिड व्हायची. आमच्यातल्या एकाने त्याला नाव दिलं, मशीनचा पोळा. "साहेब, मशीनच्या शिंगाले बेगड लावता का?" असं विचारलं की ते गंभीरपणे म्हणायचे, "लावू. आधी पावती बरोबर फाडा, वजन खोडलं तुमी."

आणि दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, एक छोटी डिस्क टॉवेलात गुंडाळून ते एसटीने केळापूरला जायचे. तिथल्या जिनिंगच्या लोखंडी कपाटात ती ठेवायचे आणि आधीची घेऊन परत यायचे. सगळ्या हिशोबाची नक्कल तिच्यात असायची. मी एकदा विचारलं, "इथेच ठेवा ना दुसऱ्या खोलीत. एवढ्या उन्हात कशाला?"

"तुमी रुईच्या दोन गंज्या शेजारी शेजारी लावता का?"

"नाही."

"मंग?"

आमच्या धंद्यात आगीची भीती अंगात मुरलेली असते. रुईची आग वरून दिसत नाही, गाठीच्या पोटात दिवसेंदिवस धुमसत राहते. घाईने गाठ फोडली की वारा लागतो आणि भडका उडतो. म्हणून आधी ती गाठ ओढून बाकीच्यांपासून दूर न्यायची, मग कुठे गरम लागते ते बघायचं. हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. नेटवर्कही तसंच असतं, एवढंच ते सांगत होते. आम्हाला वाटायचं, माणूस एकटा राहून असा झाला.

ते दिवस कापसाला वाईट होते. बोंडं उकललेली दिसायची आणि आत अळी असायची. भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. जिनिंगा एकेक करून बंद पडत होत्या. चहाच्या टपरीवर रोज कोणी ना कोणी सापडायचा, ज्याच्यामुळे हे सगळं झालं: बियाणंवाला, व्यापारी, सरकार, पाऊस. कोणावर तरी बोट ठेवल्याशिवाय चहा उतरत नव्हता.

भर हंगामात एका सकाळी ऑफिस उघडलं तर प्रत्येक पडद्यावर इंग्रजीत एकच मजकूर होता. तुमच्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी तर पैसे पाठवा. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. मालक केबिनमधून ओरडत आले, "बंद करो सब! मशीन बंद करा!"

"बंद नका करू," ते म्हणाले. आवाज वाढवला नाही. "मशीन चालू राहू द्या. फक्त वायरी काढा. बंद केली तर चोराच्या पायाचे ठसे पुसले जातीन."

त्यांनी स्वतः भराभर वायरी उपटल्या. केळापूरला आणि ढाणकीला फोन करून तिथल्याही काढायला लावल्या. मग कपाटातून पावती पुस्तकं काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "चला. पोळा." त्या दिवशी एकही गाडी परत गेली नाही. मशीनच्या पोळ्याला सर्वात जास्त कुरकुर करणारा माणूस त्या दिवशी सर्वात वेगाने पावत्या फाडत होता.

दुपारी ते केळापूरहून डिस्क घेऊन आले. मालकांचा जीव भांड्यात पडला. "टाका लवकर. लोकांचे चुकारे अडकलेत."

"नाही टाकत."

"म्हणजे?"

"चोर आत कवा आला ते माहीत नाही. या डिस्कीतही तो बसला असन, तर मीच त्याले पाटावर बसवून पुन्हा घरात आणीन. आधी कुठून आला, कवा आला ते पाहू. मंग नव्या मशीन मांडू. मंग हे टाकू."

मालकांनी डोक्याला हात लावला. पण ऐकलं. आणखी एक गोष्ट त्यांनी मालकांकडून आमच्या सगळ्यांसमोर वदवून घेतली: जो खरं सांगेल, त्याची नोकरी जाणार नाही. "चूक सगयाइकून होते," ते म्हणाले. "सांगणाऱ्याले मारलं, तर पुढच्या खेपेला कोणी सांगत नाही. मंग चोर वर्षभर घरात जेवते अन् आपल्याले माहीत होत नाही."

त्यांनी आपल्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि एकेकाला बोलावलं. रागावले नाहीत कोणावर. काय पाहिलं, कधी पाहिलं, एवढंच. त्यात एक गोष्ट निघाली. ती सांगताना आजही हसू येतं आणि लगेच जातं.

आमच्याकडे हंगामाचा मुहूर्त होतो. पहिल्या गाडीची पूजा, बैलांना कुंकू, गाडीवानाला शेला, टोपी, नारळ. मग मालक मुहूर्ताचा भाव पुकारतात आणि तो आकडा गेटवरच्या काळ्या फळ्यावर चुन्यानं मोठ्या अक्षरात लिहितात. हंगामभर तो तसाच राहतो. रोजचा भाव त्याच्याखाली खडूनं लिहायचा. साहेबांचा नियम होता की, वर्षातून एकदा तरी प्रत्येकाने पासवर्ड बदलायचा. आम्ही सगळे मुहूर्ताच्या दिवशीच बदलायचो, चांगला दिवस म्हणून. आणि पासवर्ड म्हणून मुहूर्ताचा भावच टाकायचो, शकुनाचा म्हणून. खरेदीतले तसेच, काट्यावरचे तसेच, ढाणकीचे तसेच. मालकांचाही तोच. एकमेकांना विचारूनही नव्हतं केलेलं. मुहूर्ताला ते कधी येत नसत, म्हणून त्यांना याचा पत्ता नव्हता.

काट्यावरच्या माणसाने हे सांगितलं तेव्हा ते हसायला लागले. मी उघड्या दाराबाहेर पाळीची वाट बघत होतो. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे मी इथं कुलूप लावून राह्यलो, अन् किल्ली तुमी गेटवर चुन्यानं लिहून ठेवली! हार घालून!"

मग त्यांनी डोळे पुसले. "पण किल्ली असून काय? दार तर आतल्या अंगाला होतं. बाहेरून आत यायचा रस्ता कोणीतरी केला."

तो रस्ता मी केला होता.

त्या वर्षी माझी बायको आजारी होती. ऑपरेशननंतर तिला एकटं ठेववत नव्हतं. मी त्यांना विचारलं होतं, "घरून काम करता येईल असं काही करून द्या." ते नाही म्हणाले. "घरातून दार उघडायचं तर नीट बांधावं लागते. हंगाम संपू द्या, मी बांधून देतो." मला राग आला. यांना घर नाही, यांना काय कळणार, असं मी मनात म्हटलं. बाजारातल्या एका कॉम्प्युटर दुकानदाराला सांगून मी माझ्या मशीनमध्ये तसा प्रोग्राम टाकून घेतला. पासवर्ड मुहूर्ताचा भाव. रोज लवकर घरी जायचो, तिच्या उशाशी बसून दिवसाचा हिशोब मिटवायचो. त्याच दाराने कोणीतरी परका आत आला. तो कोण, कुठल्या देशातला, ते कधीच कळलं नाही.

पडद्यावरचा मजकूर पाहताच मला समजलं होतं. सगळे पावत्यांत गुंतले असताना मी माझ्या मशीनमधून तो प्रोग्राम काढून टाकला.

माझी पाळी आली. समोर बसलो. त्यांनी विचारलं, "बाहेरून आत यायला काही ठेवलं होतं का कोणी?"

"मला काय माहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. वाट पाहणं होतं.

"घरी कशी हाये तब्येत?"

"ठीक आहे."

"बरं. आठवलं तर या. मी बसलो हाओ."

आणि ते खरंच बसले. सगळ्यांचं विचारून झालं, तरी ती समोरची खुर्ची त्यांनी हलवली नाही. एका बाजूला नव्या मशीन मांडणं, डिस्क तपासणं, चोर यायच्या आधीची धड नक्कल शोधणं चालू होतं. पण दुपारी चहाच्या वेळी हातातलं काम ठेवून ते खुर्चीसमोर येऊन बसायचे. दार उघडं. मी त्या दारावरून रोज जायचो. पाय एकदाही थांबले नाहीत, असं नाही. थांबले. आतून ते मान वर करायचे. मी म्हणायचो, "काही नाही, असाच," आणि पुढे जायचो. नोकरी जाणार नाही हे मालकांचं वचन मला खरं वाटत नव्हतं. औषधपाणी त्याच पगारावर चालू होतं. आणि खरं सांगायचं तर त्यापेक्षाही मोठी भीती होती: ज्याला मी वेडा म्हणून हसलो, त्याच्यासमोर मीच गाढव ठरणार.

सगळं पुन्हा सुरू झालं. चुकारे गेले. त्यांनी मालकांना अहवाल दिला, त्यात लिहिलं होतं की खरेदी विभागातल्या एका मशीनवरून बाहेरचा रस्ता काढलेला होता.

"कोणाच्या मशीनवरून?" मालक म्हणाले. मी तिथेच उभा होतो.

"रस्ता लिहीन, नाव नाही. ज्याचं त्यानं सांगावं."

"अरे भाई, मी पगार काय रस्त्याला देतो?"

त्यांनी अहवालाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "अजून एक राह्यलं. कास्तकारांना सांगावं लागन. त्याइची नावं, खात्यांचे नंबर चोरानं पाह्यले असतीन."

"डोकं ठिकाणावर आहे का? या वर्षी? उद्या एक गाडी येणार नाही गेटात."

ते उठले. गेटवर गेले. मुहूर्ताच्या भावाखाली, रोजच्या भावाच्या शेजारी, त्यांनी खडूनं लिहिलं: तुमची नावं आणि बँक खात्यांचे नंबर बाहेर गेले असू शकतात. बँकेत जाऊन पासबुक भरून पाहा. काही कमी-जास्त दिसलं तर आम्हाला सांगा. रांगेतली माणसं गाड्यांवरून उतरून वाचायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "खात्यात हाये काय चोरासाठी? त्यालेच उलटं लाज वाटन." लोक हसले. कोणीही गाडी वळवली नाही.

पण मालकांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा काळा-निळा पडला. मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. "हा माणूस आपला आहे की चोराचा? खरं सांगा, तुम्ही जुने आहात. कोणी केलं असेल?"

मी म्हणालो, "मी कोणाचं नाव घेत नाही. पण सगळ्या मशीनच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. माझ्याही. आणि दर रविवारी टॉवेलात काय गुंडाळून कुठे नेतात, आपण कधी बघितलेलं नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी तो प्रत्येक शब्द जुळवून बोललो होतो, हेही खरं. डिस्क केळापूरच्या कपाटात असते, हे मालकांना माहीत होतं, मला माहीत होतं. पण ते वर्षच असं होतं. मालकांनाही कोणीतरी हवं होतं. तांड्यावरचा, एकटा, पुण्याहून का आला ते धड न सांगणारा, मालकांच्या घड्याळाला हात लावणारा माणूस फार सोयीचा होता. मला ते माहीत होतं, म्हणून तर बोललो.

संध्याकाळी त्यांना हिशोब देऊन जायला सांगितलं. पोलिसांत तक्रार झाली नाही, पुरावाच नव्हता. पण मालकांनी जिनिंगवाल्यांच्या बैठकीत जे सांगायचं ते सांगितलं. त्यानंतर जिल्ह्यात त्यांना कोणी काम दिलं नाही. ते जाताना मी टेबलावर मान घालून बसलो होतो. ते माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "तुमच्या मशीनचा पासवर्ड मी बदलला हाये. नवा चिठ्ठीवर नाही लिहीत, कानात सांगतो." वाकून सांगितला. बसस्टँडच्या दिशेने चालत गेले. कोणी पोचवायला गेलं नाही.

माझी बायको पुढे चार वर्षं होती. तिलाही मी हे सांगितलं नाही. तिच्यासाठी केलं असं तिला वाटलं असतं, आणि ते ओझं तिच्यावर टाकायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे तिने मला त्यांच्याकडे जायला लावलं असतं. आता घरात मी एकटा असतो. जेवताना ताट घेऊन बसलो की माझ्या लक्षात येतं, मीही भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात बोरी अरबला गेलो. विचारत विचारत गेलो. बाजाराच्या टोकाला पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. केस पांढरे झालेत. मला लगेच ओळखलं. "या. बसा," म्हणाले, आणि तांब्याची तार गुंडाळत राहिले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. प्रोग्राम, बायकोचं आजारपण, केबिनमधलं बोलणं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"तुमी समोर बसाच्या आधीपासून. तुमचंच मशीन होतं. पुसलेलं दिसत नाही असं थोडंच हाये."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तुमची नोकरी वाचली असती."

"तुमी याल असं वाटे." तार तुटली. त्यांनी ती पुन्हा जोडली. "केबिनमधलं मात्र माहीत नव्हतं. ते आज कळलं."

मला वाटत होतं ते आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "मला माफ करा साहेब."

"माह्या माफीचं काय घेऊन बसले? याडी होती तोवर लोक बाजारात तिले विचारत, पोरगा कवा सुटला म्हणून. मी आत गेलोच नव्हतो. ती सांगे, गेलाच नव्हता बापू. लोक म्हणत, हो हो, असू दे. मरेपर्यंत ती हेच सांगत होती." त्यांनी पहिल्यांदा हातातली मोटार खाली ठेवली. "अन् मले माहीत असलेलं तुमी मलेच सांगाले आले, एवढ्या दूर."

"मालक वारले. जिनिंगच्या जागेवर प्लॉट पडले. आता सांगू कोणाला?"

"मालकाले कायले? तुमच्यासंगं डबे उघडत होते ना, ते हायेत. त्याइच्या घरचे हायेत. हा बोरी अरबचा बाजार हाये. त्याइले सांगा."

मी म्हणालो, लिहीन. छापून आणीन. त्यात तुमचं नाव स्वच्छ लिहीन.

त्यांनी मान हलवली. "माह्यं नाव नका लिहू. ते लय फिरलं बाजारात. ज्याले मी कोण ते माहीत हाये, त्याले समजन."

म्हणून त्यांचं नाव इथे नाही. हे ज्या नावाने छापून येईल, ते माझं आहे. तो रस्ता त्याच नावाच्या माणसाने उघडा ठेवला होता.